राणीचे चित्र कोणी पुसले?



"मुसलमानांना चित्रकला वर्ज्य, म्हणून त्यांनी सगळी चित्रे पुसली." हे वाक्य आता आपल्या तरुणांच्या मोबाईलवरही फिरते. आज आम्ही ते पुराव्याच्या कसोटीवर तपासणार आहोत.

तुर्की लेखक ओरहान पामुक यांची 'माय नेम इज रेड' ही कादंबरी १९९८ साली आली. काळ १५९१, शहर इस्तंबूल. सुलतानासाठी गुपचूप एक सचित्र ग्रंथ तयार होतोय आणि त्यातल्या एका चित्रकाराचा खून होतो. चित्रकाराने जग जुन्या उस्तादांच्या रीतीने काढावे की युरोपी पद्धतीने माणसाचा हुबेहूब चेहरा काढावा, यावर तिथे जीव जातात. म्हणजे इस्लामी समाजात चित्रे होती आणि त्यांवर कडाक्याचा वादही होता. खुन्याचा माग कशावरून लागतो? घोड्याच्या नाकपुड्या काढण्याच्या सवयीवरून! पुरावा चित्रातच असतो.

असेच एक खरे रहस्य आपल्या महाराष्ट्रात आहे. नाशिकच्या शेजारी अहमदनगरला निजामशाही होती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशाह विजयी झाला आणि त्याच वर्षी वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार त्याची आई खुंजा हुमायून हिने हाती घेतला. चांदबिबीची आई ती हीच. याच सुमारास आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचले. त्याची सचित्र पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यात १२ चित्रे उरली आहेत. राणी राजाशेजारी सिंहासनावर बसलेली, हे त्या काळी दुर्मीळ दृश्य त्यांत होते.

होते, असेच म्हणावे लागते. कारण अनेक चित्रांतून राणी पुसून टाकलेली आहे.

आता विचार करा. चित्रालाच धर्माचा विरोध असता तर राजाही पुसला असता, दासीही पुसल्या असत्या. ते जागेवर आहेत. गेली ती फक्त राणी. १५६९ च्या सुमारास मुर्तझाने आईला सत्तेवरून काढून कैदेत टाकले. राणी पुसली गेली ती त्यानंतरच, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो आम्हाला पटतो. स्त्रीच्या हाती सत्ता होती, हीच गोष्ट कोणाला तरी नको होती.

याच पोथीत स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते, असे एक चित्र आहे. आपल्याकडे याला 'दोहद' म्हणतात. सांचीच्या तोरणावरची झाडाला बिलगलेली शालभंजिका आणि लुंबिनीत शालवृक्षाची फांदी धरून उभी असलेली महामाया आठवा. तीच कल्पना दीड हजार वर्षांनी एका मुस्लिम दरबाराने आपलीशी केली. मग 'त्यांची कला' आणि 'आपली कला' ही भिंत कोणी बांधली?

पुसायला कुंचलाच लागतो असे नाही, नुसते नावही पुरते. आमच्या नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिच्या दानाची नोंद आहे. तिथे भिक्खू राहत होते, हे दगडावर कोरलेले आहे. तरी लोकांच्या तोंडी नाव कोणते? पांडवलेणी! पांडवांचा तिथे काय संबंध? अक्षरे शाबूत राहिली आणि मालक बदलले. हे काम मुसलमानांनी केले नाही, मित्रांनो.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत इतिहासाच्या तुटलेल्या दुव्यांचा प्रश्न मांडला आहे. दुवा सापडत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचे नाही, उपलब्ध पुराव्यावरून तर्काने पुढे जायचे, ही त्यांची रीत. म्हणून कोणी तयार गुन्हेगार आपल्यापुढे उभा केला की आधी तीन प्रश्न विचारा. काय पुसले? काय ठेवले? आणि पुसल्याने सत्ता कोणाची टिकली?

येत्या रविवारी त्रिरश्मीवर जा. सेल्फी जरूर काढा, पण आधी बलश्रीचे नाव शोधा. ते अजून पुसले गेलेले नाही.