पोचपावतीची वाट

वाय-फायचा कारभार रजिस्टर पोस्टासारखा आहे. पॅकेट पाठवलं की समोरून पोच यायलाच हवी. ठरलेल्या वेळेत नाही आली, की पाठवणारा ‘गेलं वाया’ म्हणून तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. या वाट बघण्याला ‘अ‍ॅक टाइमआउट’ म्हणतात, आणि तो मायक्रोसेकंदात मोजतात.

१९९७ साली ८०२.११ स्टँडर्ड आलं तेव्हा डोळ्यासमोर होतं ऑफिस, नाहीतर गोदाम. एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर ३०० मीटर जाते. म्हणजे १५ किलोमीटर जाऊन परत यायला १०० मायक्रोसेकंद. आणि वेळेचं मूळ माप, म्हणजे ‘स्लॉट’, किती? ८०२.११बी मध्ये २०, ८०२.११ए मध्ये फक्त ९! मग होतं असं की पॅकेट पोचतं, पोचही निघते, पण ती येईपर्यंत इकडे दुसरी प्रत रवाना झालेली असते. सिग्नल फुल्ल, स्पीड मात्र रडका. बिचारा माणूस अँटेना हलवत बसतो.

इलाज सोपा आहे, आकडा वाढवा. पण तो आकडा ड्रायव्हरच्या पोटात. अथेरॉस चिपसाठीच्या ‘मॅडवायफाय’ या लिनक्स ड्रायव्हरमध्ये ‘हॅल’ नावाचा भाग बंदिस्त होता, सोर्स कोड नाही. कारण रेडिओ-परवान्याचे नियम. नशीब एवढंच, की टाइमआउट बदलायची खिडकी बाहेर ठेवली होती. ‘अ‍ॅथ-कंट्रोल’ नावाचा चिमुकला प्रोग्रॅम होता, त्याला मीटरमध्ये अंतर द्यायचं. तो अंतराला ३०० ने भागून ९ मिळवायचा, हा झाला स्लॉट. त्याची दुप्पट अधिक ३, हा टाइमआउट. १५ किलोमीटरला स्लॉट ५९, टाइमआउट १२१. बस्स, एवढंच गणित! (असले दहा ओळींचे प्रोग्रॅम मला मोठमोठ्या फ्रेमवर्कपेक्षा जास्त आवडतात.)

या आकड्यांवर माणसं अवलंबून होती हो. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतली तपासणी केंद्रं वाय-फायने जोडली. पेशंट गावातच बसून व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलायचा. हे नेटवर्क उभारणाऱ्या बर्कले विद्यापीठाच्या टीमला लवकरच कळलं की टाइमआउट ताणणं पुरेसं नाही. अंतर वाढलं की चॅनेलचा बराचसा वेळ नुसती वाट बघण्यात जातो. त्यांनी २००७ च्या ‘वाइल्डनेट’मध्ये दर पॅकेटची पोच बंदच केली. पाळीपाळीने बोलायचं आणि पोच एकगठ्ठा द्यायची. पाळीची कल्पना त्याआधी, २००५ मध्ये, आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी मांडली होती. पुढे दोघंही आयआयटी मुंबईत, आपल्या पवईला आले.

त्याच २००७ मध्ये व्हेनेझुएलात एरमान्नो पिएत्रोसेमोली यांनी ३८२ किलोमीटरची लिंक जोडली. जाऊन-येऊन अडीच हजार मायक्रोसेकंद! अथेरॉसच्या टाइमआउटला जागा १४ बिटांची, ८०२.११ए मध्ये कमाल ४०९. तिथे बर्कलेचंच फर्मवेअर कामी आलं, दोन्ही दिशांना साधारण ३ एमबीपीएस.

२००८ मध्ये ‘हॅल’चा सोर्स खुला झाला. मग अंतर देण्याची सोय लिनक्सच्या नेहमीच्या ‘आयडब्ल्यू’ कमांडमध्येच आली. २०१४ मध्ये ‘अ‍ॅथ९के’ ड्रायव्हर त्याच्याही पुढे गेला. अंतराच्या जागी ‘ऑटो’ लिहिलं, की पोच यायला किती वेळ लागतो ते तो स्वतःच मोजतो आणि तेवढंच थांबतो.