कुत्र्याच्या हृदयातील 'निर्दय' धागा

१/ इसवी सन ९४९-५०च्या सुमारास कर्नाटकातील आतकूर येथे एक शिळा उभी राहिली. तक्कोलमच्या रणांगणावर राष्ट्रकूटांनी चोळांचा पराभव केला, तेव्हा पराक्रम गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या वीराने गंगराजा बूतुग याच्याकडे बक्षीस म्हणून 'काळी' नावाचे शिकारी श्वान मागितले. पुढे रानडुकराशी झुंजताना ते श्वान आणि ते डुक्कर, दोघेही मेले. श्वानासाठी शिळा कोरली गेली आणि तिच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली गेली.

२/ आजचा बीड जिल्हा ज्या मराठवाड्यात आहे, तिथेही याच राष्ट्रकूटांची सत्ता होती. मराठी मुलखाने कुत्र्याला मान दिल्याची उदाहरणे पुढेही आढळतात. दत्ताच्या पायाशी चार श्वान आहेत, खंडोबासोबत कुत्रा आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले, असे परंपरा सांगते.

३/ या सर्व स्मृतींमध्ये एक साम्य आहे. कुत्र्याचे शौर्य तिथे डोळ्यांना दिसते. मात्र दारातला कुत्रा हळूहळू खोकू लागला, पूर्वी शिवारापर्यंत धावणारा तो ओसरीवरच धापा टाकू लागला, पोट फुगले आणि एक दिवस तो उठलाच नाही, तर त्याची नोंद कोण करणार? शतकानुशतके अशा मरणाचे उत्तर एकच असे: वय झाले. पुष्कळदा ते खरेही असे. काही वेळा मात्र खरे कारण हृदयात वेटोळे घालून बसलेले असे.

४/ १८५६ मध्ये अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी कुत्र्याच्या हृदयातील या कृमीला 'फायलेरिया इमिटिस' असे नाव दिले. 'इमिटिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ निर्दय. १९११ मध्ये त्याची प्रजाती बदलून 'डायरोफायलेरिया' झाली, म्हणजे भयंकर धागा. नाव सार्थ आहे. मादी कृमी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, शेवईसारखी बारीक आणि पांढरी असते. हृदयाचा उजवा कप्पा आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी धमनी हे तिचे घर. तिथे ती पाच ते सात वर्षे जगू शकते.

५/ प्रौढ कृमी शवविच्छेदनात दिसत. त्यांची सूक्ष्म पिल्ले मात्र रक्तात वळवळत फिरत असतात. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रुबी आणि देलाफाँ यांनी कुत्र्याच्या रक्तात असे सूक्ष्म कृमी पाहिले. कोडे पुढचे होते. एका कुत्र्याच्या बंद रक्तवाहिन्यांतून ही पिल्ले दुसऱ्या कुत्र्यात पोहोचतात तरी कशी? पाण्यातून? अन्नातून? की मातेच्या उदरातून?

६/ उत्तराची वाट भारतातून आणि चीनमधून गेली. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी माणसाच्या रक्तात तसेच सूक्ष्म कृमी पाहिले. १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी हत्तीरोगाचे हे कृमी डासाच्या पोटात वाढत असल्याचे दाखवले. रोगाचा जंतू कीटकाच्या देहात वाढतो, ही त्या काळी अपूर्व कल्पना होती.

७/ याच मॅन्सन यांच्या मार्गदर्शनाने रोनाल्ड रॉस डासांच्या मागे लागले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी सापडला. सिकंदराबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि बीड हा त्याच संस्थानाचा एक जिल्हा. ज्या राज्यात डासाचे गुपित उघडले, त्याच राज्याच्या खेड्यांत ती वार्ता पोहोचायला मात्र दशके लागली.

८/ १९०० मध्ये इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याच्या हृदयकृमीचेही कोडे सोडवले: वाहक डासच. डास आजारी कुत्र्याचे रक्त पितो, पिल्ले डासात शिरतात, उष्ण हवेत साधारण दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि पुढच्या चाव्यासोबत दुसऱ्या कुत्र्याच्या कातडीवर उतरतात. तिथून हृदयापर्यंतचा प्रवास आणि वाढ मिळून सहा-सात महिने लागतात.

९/ या शोधाने एक ओझेही उतरवले. चाटल्याने, एकाच ताटलीत खाल्ल्याने किंवा एकत्र झोपल्याने हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात नाही. आज दिसणारा रोग निदान सहा महिन्यांपूर्वीच्या एखाद्या चाव्याचा असतो. निदान ऐकल्यावर घरातील माणसे पहिला प्रश्न स्वतःला विचारतात: आपले काय चुकले? इतिहासाचे उत्तर असे की चूक शोधायला शास्त्रज्ञांनाही अर्धे शतक लागले.

१०/ ज्ञान आले, पण ते कुत्र्यापर्यंत उशिरा आले. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहर ठप्प झाले. त्याच शहरात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली. तीच पुढे उत्तरेत जाऊन आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. परंतु सरकारची खरी चिंता लष्कराचे घोडे आणि शेतकऱ्याचे बैल यांची होती. बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे होत असताना कुत्र्याच्या खोकल्याकडे कोण पाहणार?

११/ मराठवाड्याला स्वतःचे पशुवैद्यक महाविद्यालय मिळाले ते परभणीत, १९७२ मध्ये. ते दुष्काळाचे वर्ष होते आणि जनावरे छावणीत उभी होती. उदगीरचे महाविद्यालय १९८७ मध्ये आले. गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत आजही गाय, म्हैस, बैल आणि शेळी यांची रांग मोठी असते. कुत्रा तिथे येतो तो बहुधा पिसाळण्याच्या भीतीने.

१२/ औषधाच्या कथेत एक भारतीय नाव ठळक आहे. भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. तिथे घडवलेले डायइथिलकार्बामाझिन हे औषध १९४७ मध्ये पुढे आले. माणसाला देण्याआधी त्याची परीक्षा झाली ती कापूस-उंदरांवर आणि हृदयकृमी असलेल्या कुत्र्यांवर. भारतात १९५५ पासून हत्तीरोगाविरुद्ध जी राष्ट्रीय मोहीम चालली, तिचा आधार हेच औषध. विदर्भातील माणसे ज्या गोळ्या गिळत आली, त्यांच्यामागे त्या अनाम कुत्र्यांचे ऋण आहे.

१३/ हेच औषध पुढे कुत्र्यांना रोज प्रतिबंधक म्हणून देऊ लागले. धोका एवढाच, की रक्तात आधीच पिल्ले असतील तर जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शके. म्हणून 'आधी रक्ततपासणी, मग गोळी' हा नियम पडला. १९८७ मध्ये अमेरिकेत महिन्यातून एकदा द्यायची आयव्हरमेक्टिनची गोळी मान्य झाली. तिच्या मुळाशी जपानच्या मातीत सातोशी ओमुरा यांना सापडलेला एक सूक्ष्मजीव होता. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले.

१४/ प्रौढ कृमी मारणे वेगळे. त्यासाठी आर्सेनिकची, म्हणजे सोमलाची संयुगे वापरली गेली. आजचे मेलार्सोमिन त्याच कुळातले. त्याची इंजेक्शने कमरेच्या स्नायूंत खोल दिली जातात. मोठे संकट त्यानंतर येते. मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसाच्या वाहिन्यांत अडकतात. त्या काळात कुत्रा धावला, भुंकून उसळला, तर प्राणावर बेतते. म्हणून कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती हा उपचाराचाच भाग मानला जातो.

१५/ भारताच्या संदर्भात आणखी एक वळण आहे. हृदयकृमीच्या नोंदी मुख्यतः ईशान्येकडील राज्यांतून येतात. देशाच्या इतर भागांत कुत्र्याच्या रक्तात वळवळणारी पिल्ले बरेचदा दुसऱ्याच, कातडीखाली राहणाऱ्या कृमींची असतात. 'डायरोफायलेरिया रेपेन्स' त्यांपैकी एक. सूक्ष्मदर्शकाखाली ही भावंडे सारखी दिसतात. म्हणून रक्ताच्या थेंबात कृमी दिसला, एवढ्यावर निकाल लागत नाही. हृदयकृमीची स्वतंत्र प्रतिजन चाचणी, क्ष-किरण चित्र आणि शक्य तर हृदयाची सोनोग्राफी यांनंतरच रोगाचे नाव घ्यावे.

१६/ आता हे सारे माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडच्या परिसरात ठेवून पाहावे. सिंदफणेवरील माजलगाव धरणाने तालुक्यात कालवे आले, ऊस आला, साचलेले पाणी आले आणि पाण्यामागे डास येतोच. याच जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. दिवाळीच्या आसपास निघालेला कोयता उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. ज्या उपचाराला एकाच जागी काही महिने आणि रोज लक्ष ठेवणारे माणूस लागते, तो अशा घराने कसा पेलावा? खरा पेच औषधाच्या किमतीएवढाच या वेळापत्रकाचाही आहे.

१७/ तरीही करण्यासारखे पुष्कळ आहे. निदान पक्के होईपर्यंत ऐकीव मात्रेत आयव्हरमेक्टिन टोचून घेऊ नये. गुराची मात्रा कुत्र्याला घातक ठरू शकते. कुत्र्याला शेतातल्या आखाड्यावर राखणीला न ठेवता घराजवळ, सावलीत, आखूड दोरीने शांत बांधावे. घर स्थलांतर करणार असेल तर ते पशुवैद्याला आधीच सांगावे, म्हणजे इंजेक्शनांचा काळ त्यानुसार ठरवता येतो. मेलार्सोमिन मिळत नसेल, तर प्रतिजैविक आणि मासिक औषधाचा लांबचा मार्ग असतो. तो संथ आहे आणि त्यातही विश्रांती सुटत नाही. रोग फार पुढे गेला असेल, तर श्वास सुसह्य करणे हाही उपचारच.

१८/ आतकूरच्या शिळेवर श्वान आणि डुक्कर समोरासमोर कोरले आहेत. शत्रू दिसत होता, म्हणून ते कोरता आले. दिंद्रुडच्या ओसरीवर खोकणाऱ्या कुत्र्याचा शत्रू बाहेरून दिसत नाही. तो दिसावा म्हणून पॅरिस, कलकत्ता, अमॉय, सिकंदराबाद आणि रोम एवढा प्रवास झाला. त्या प्रवासाचे फळ आज रक्ताच्या एका थेंबात आणि काही आठवड्यांच्या शांततेत सामावले आहे. मणलेराने राजाकडे बक्षीस म्हणून श्वान मागितले होते. दिंद्रुडच्या घराला ते मागावे लागले नाही, ते आपण होऊन दारात आले. त्याला दोरीने बांधून, त्याच्याजवळ बसून काढलेल्या त्या आठवड्यांची शिळा कुणी उभारणार नाही. कुत्रा पुन्हा शिवारापर्यंत धावला, तर तिची गरजही उरणार नाही.

॥ इति ॥