१७ सप्टेंबरनंतरचे नांदेड-लातूर : मुक्त झालेला प्रदेश उभा कोणी केला?

१/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी शस्त्रसंधी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांची मोहीम संपली. मराठवाड्यात दरवर्षी याच तारखेला झेंडावंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते. त्या दिवसानंतरच्या आठ वर्षांत मात्र काय घडले, याची चर्चा फारच थोडी होते. राज्यकर्ता गेला, पण उद्ध्वस्त प्रदेश जागेवरच होता. तो कोणी, कसा आणि कोणाकोणासाठी उभा केला, याची ही कथा.

२/
प्रथम नकाशा नीट पाहिला पाहिजे. १९४८ मध्ये लातूर हा जिल्हा नव्हता. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व बाजारपेठेचे गाव होते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. नांदेड जिल्ह्यात मुधोळचा तेलुगू-मराठी मिश्र भाग होता, तर आज नांदेडात असलेला किनवट तेव्हा आदिलाबादेत होता. म्हणजे आज ज्यांना आपण नांदेड आणि लातूर म्हणतो, ते प्रदेश त्या वेळी तीन-चार जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत विभागलेले होते.

३/
राज्याच्या जमिनीपैकी सुमारे ६० टक्केच 'दिवाणी', म्हणजे थेट सरकारी अमलाखाली होती. उरलेली जहागिरदारांची, पायगा सरदारांची किंवा निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेली 'सर्फ-ए-खास' होती. जहागिरी गावात सारा ठरवणे, वसूल करणे, फिर्याद ऐकणे ही कामे अनेकदा जहागिरदाराचेच लोक करीत. उच्च शिक्षण आणि दरबार यांची भाषा उर्दू होती. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध परिपत्रकानुसार पूर्वपरवानगी लागे. खासगी शाळा काढण्यावरही निर्बंध होते.

४/
म्हणूनच या प्रदेशात शाळा हे प्रतिकाराचे पहिले साधन ठरले. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक पुढे तेथे आले. १९३० मध्ये संन्यास घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. नंतर मोमिनाबादच्या, म्हणजे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी आपले शिक्षक-सहकारी जमवले. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे मराठवाड्यातील नेतृत्व मोठ्या प्रमाणात या वर्गखोल्यांतून घडले. पुढच्या घटनाक्रमात हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

५/
१९४६ ते १९४८ या काळात सीमाभागातील गावांनी प्रत्यक्ष युद्धच अनुभवले. बिलोलीजवळच्या अर्जापूर येथे ऑक्टोबर १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा मूळचा लातूरचाच वकील. रझाकारांनी गावे जाळली, लुटली. हजारो कुटुंबे वऱ्हाड, सोलापूर, नगर भागांत परागंदा झाली. वऱ्हाडातल्या उमरखेडसारख्या ठिकाणी काँग्रेसची सीमाशिबिरे उभी राहिली. शेतीचा हंगाम बुडाला, बाजार विस्कळीत झाले, शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरचा विश्वास उडाला.

६/
आणि मग, शस्त्रसंधीनंतर, सूडाची लाट आली. पंतप्रधान नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये राज्याचा दौरा केला. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड.

७/
लातूरविषयी अहवालात स्वतंत्र नोंद आहे. गावात सुमारे १०,००० मुस्लिम वस्ती होती. समितीला तेथे जेमतेम ३,००० लोक आढळले. हजारांहून अधिक मारले गेले आणि उरलेले पळून गेले, असे ती म्हणते. त्यांत व्यापारात जम बसवलेली कच्छी कुटुंबेही होती. याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम व्यवसायबंधूंचे रक्षण केले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही दिले. हा अहवाल भारत सरकारने त्या काळी प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो सर्वसामान्य वाचकाच्या नजरेआड राहिला.

८/
अशा प्रदेशावर नवे प्रशासन बसले. जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि मुंबई प्रांतातील सनदी अधिकारी द. स. बखले मुख्य नागरी प्रशासक. मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून अधिकारी आणून जिल्ह्यांच्या कचेऱ्या चालवण्यात आल्या. लष्करी राजवट १९४९ च्या अखेरीस संपली आणि एम. के. वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याकडे मुख्यमंत्रिपद आले. निवडून आलेले सरकार मार्च १९५२ मध्ये, बी. रामकृष्णराव यांच्या नेतृत्वाखाली, स्थापन झाले. भोकरचे दिगंबरराव बिंदू त्यात गृहमंत्री होते.

९/
म्हणजे जवळपास साडेतीन वर्षे या भागाचा कारभार लोकांना उत्तरदायी नसलेल्या, बहुतांशी परक्या अधिकाऱ्यांच्या हाती होता. त्यातून रोषही निर्माण झाला. १९५२ चे मुल्की आंदोलन हे त्याचेच शहरी रूप. परंतु याच काळात प्रशासनाने अशी कामे केली, जी कोणत्याही ग्रामसमितीला किंवा शिक्षणसंस्थेला करता आली नसती.

१०/
फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाली. १५ ऑगस्ट १९४९ पासून, १३५८ फसलीच्या विनियमाने, जहागिरी संपुष्टात आल्या. जहागिरदारांना द्यावयाच्या मोबदल्याचे गणित दुसऱ्या विनियमाने आखून दिले. जी गावे पिढ्यान्‌पिढ्या खासगी अमलाखाली होती, ती एका कायद्याने तहसिलीशी जोडली गेली. फसली सन, हाली रुपया (७ हाली म्हणजे ६ कलदार) आणि उर्दू दफ्तर हळूहळू मागे पडले. शेतकऱ्याला स्वतःचा अर्ज स्वतःच्या भाषेत करण्याची वाट यातूनच मोकळी झाली.

११/
त्यापाठोपाठ १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ठरावीक काळ सलग जमीन कसणाऱ्यांना 'संरक्षित कूळ' म्हणून नोंदवण्यात आले. जमीन विकत घेण्याचा हक्कही त्यांना मिळाला. कागदावर हा देशातील पुढारलेल्या कायद्यांपैकी एक होता. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत '३८-ई' हा शब्द अजून ऐकू येतो, तो याच कायद्याच्या एका कलमामुळे.

१२/
प्रत्यक्षात काय झाले? अर्थतज्ज्ञ अ. मो. खुस्रो यांनी हैदराबाद राज्यातील जमीनसुधारणांची पाहणी केली. ती १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५१ मध्ये नोंदलेल्या दर १०० संरक्षित कुळांपैकी चार वर्षांनंतर सुमारे ४५ जणच कूळ म्हणून टिकले होते. सुमारे १२ मालक झाले. सुमारे २२ जणांना बेकायदा हुसकावले गेले, आणि आणखी १७-१८ जणांनी जमीन 'स्वखुशीने' सोडल्याची नोंद होती. 'स्वखुशी' या शब्दामागे देशमुखाचा वाडा, सावकाराची वही आणि तलाठ्याची लेखणी उभी होती, हे गावात कोणाला सांगावे लागत नसे.

१३/
येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. कायदा हैदराबादेत होतो, पण त्याची अंमलबजावणी गावात होते. आणि गावात कुळाच्या पाठीशी उभी राहणारी संघटना नसेल, तर कायदा सातबाऱ्याच्या रकान्यापुरता उरतो. ज्या ठिकाणी लोक संघटित होते, तेथे प्रशासनाचा आधार कामी आला. जेथे नव्हते, तेथे त्याच प्रशासनाच्या सही-शिक्क्याने कूळ बेदखल झाले.

१४/
दुसरी बाजू शिक्षणाची. येथे पुढाकार समाजाचा होता आणि प्रशासन त्याच्या मागे चालत आले. स्वामी रामानंद तीर्थ यांनी मंत्रिपद घेतले नाही. १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या वतीने नांदेडात पीपल्स कॉलेज सुरू झाले. हिप्परगा आणि अंबाजोगाई यांचाच धागा पुढे चालू राहिला होता; फरक एवढाच की आता शाळा काढणे हा गुन्हा नव्हता. सरकारी मान्यता आणि अनुदान हे जे शब्द निजामी काळात अडथळ्याचे होते, ते आता आधाराचे झाले.

१५/
नांदेडचे हे महाविद्यालय निव्वळ पदव्या देणारे केंद्र राहिले नाही. नरहर कुरुंदकर यांनी येथे अध्यापन केले आणि पुढे ते येथेच प्राचार्य झाले. कुरुंद्यासारख्या गावातून आलेला माणूस नांदेडात राहून साऱ्या महाराष्ट्राशी वाद घालू शकतो, हे त्या पिढीला दिसले. प्रदेशाचा विकास रस्ते-धरणांत मोजला जातो. परंतु स्वतःची बाजू स्वतः मांडणारी माणसे तयार होणे, हेही विकासाचेच माप आहे.

१६/
त्याच वर्षी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. नावातले साम्य योगायोगाचे असले तरी दोन्ही संस्थांचा प्रश्न एकच होता : 'पीपल', म्हणजे लोक, कोण? रझाकारांच्या काळात आणि त्यानंतरही भूमिहीन दलितांचे जगणे फारसे बदलले नव्हते. मराठवाड्यातील दलित तरुणांना उच्च शिक्षणाचे दार खऱ्या अर्थाने मिलिंदने उघडले.

१७/
तोवर या साऱ्या महाविद्यालयांना विद्यापीठ होते ते हैदराबादचे, उस्मानिया. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत स्थापन झाले. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये निघाले. आज ज्याला 'लातूर पॅटर्न' म्हणतात, त्याची मुळे या स्थानिक संस्थांत आहेत. नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, स्वामी रामानंद तीर्थ यांच्याच नावाने.

१८/
दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच संपले. मराठी भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला. उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदरमधून उस्मानाबादेत आले. किनवट नांदेडला जोडला गेला. मुधोळ, भैंसा हे भाग आंध्रकडे गेले. १९५३ च्या नागपूर कराराने मागास विभागांना न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते. मराठवाड्यातील नेत्यांनी मात्र सामील होताना अटी घातल्या नाहीत. त्या विश्वासाचा हिशेब पुढे अनेक वर्षे चालला.

१९/
१९८४ मध्ये दांडेकर समितीने तो हिशेब आकड्यांत मांडला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. त्याआधी दहा वर्षे, १९७४ मध्ये, येथील विद्यार्थी विकासाच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले होते. स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ त्या मागणीचा आवाज बनले. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

२०/
या साऱ्या कथेत एक जागा रिकामी राहते. जहागिरी गेलेल्यांसाठी कायदा झाला, मोबदल्याचे कोष्टक झाले. पण शस्त्रसंधीनंतर लातूरच्या गल्ल्यांत, नांदेडच्या खेड्यांत ज्यांची माणसे गेली, त्यांच्याविषयीचा अहवाल प्रसिद्धही झाला नाही. रझाकारांच्या अत्याचारांत मेलेल्यांची नावे स्मारकांवर कोरली गेली आणि ते योग्यच झाले. दुसऱ्या बाजूच्या मृतांना अशी नावे मिळाली नाहीत. 'लोकसहभागातून विकास' असे म्हणताना त्या लोकांत कोणाची गणना झाली, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

२१/
१९४८ नंतरच्या नांदेड-लातूरचा अनुभव सरळ आहे. जमिनीची मालकी, चलन, भाषा, जिल्ह्याची हद्द ही कामे सरकारनेच करायची असतात. ती त्याने केली, काही चांगली, काही अर्धवट. शाळा, महाविद्यालये, वाद घालणारी, मागणी करणारी माणसे समाजाने उभी केली. दोघांची गाठ पडली तेथे पीपल्स कॉलेज उभे राहिले. ती पडली नाही तेथे कूळ बेदखल झाले. आणि जेथे दोघांनीही पाठ फिरवली, तेथे विणकराने विणकराला वाचवल्याची नोंद तेवढी एका अप्रकाशित अहवालात राहिली. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला तीही वाचली जायला हरकत नाही.