साडेपाच तासांची वाटणी

सटाण्याला शिकत असताना आमचा मराठीचा तास ३५ मिनिटांचा असे. हजेरीत पाच जात. कविता रंगात आली की घंटा होई.

वेळापत्रकालाही इतिहास असतो, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी साडेपाच तासांची शाळा आखली. मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४०. समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३०. व्यायाम आणि सुटी प्रत्येकी १०. मातृभाषेला उरली ४० मिनिटे, म्हणजे आमच्याहून पाचच अधिक!

मराठीच्या शिक्षकाला हा अन्याय वाटेल. परंतु समितीची सारी भिस्त समवायावर होती: कापसाच्या निमित्ताने भूगोल, सुताच्या मोजणीतून गणित आणि केलेल्या कामाची रोज नोंद लिहिता लिहिता भाषा. ४० मिनिटे हा भाषेचा केवळ दर्शनी हिशेब.

समवाय साधला नाही तर उरते ती निव्वळ मजुरी. आर्थिक बाजू शैक्षणिक बाजूवर कुरघोडी करील, ही धास्ती समितीनेच बोलून दाखवली होती. पुढे अनेक शाळांत टकळी हीही घंटेने बांधलेली एक तासिका होऊन बसली. सेवाग्रामचे आनंद निकेतन मात्र २००५ पासून पुन्हा सुरू आहे, आणि तिथे शेती व सूतकताई अभ्यासातच मोडते.

आमच्या बागलाणात कांदालावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असे. हजेरीपटावर त्या मुलांपुढे गैरहजेरी लागे. त्यांनी वाफ्यांत मोजून लावलेली रोपे कोणत्याच विषयात धरली जात नसत.