द्राक्षवेल घाट कां उतरली नाहीं ?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही शहापूर तालुक्यांतील डोळखांब येथें चार दिवस राहून आलों. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें हें गांव. भाताची कापणी होऊन भारे खळ्यावर आले होते; आजोबाच्या डोंगरावरचें धुकें सकाळीं दहापर्यंत हालत नव्हतें; आणि पाऊस संपला असें पंचांग सांगत असतांहि संध्याकाळीं दोन सरी येऊन गेल्याच. हा विद्यार्थी आतां चाळिशीच्या घरांत आहे. मुंबईची नोकरी सोडून, हातीं आलेली रक्कम पोस्टांत ठेवून, तो वडिलार्जित दोन एकरांवर परत आला आहे. तिसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांस विहिरीजवळच्या माळावर नेलें व म्हणाला, "सर, येथें मालबेकचीं द्राक्षें लावावीं असें मनांत आहे. थोडींच, पण चांगल्या मद्याचीं. आपण इतिहासाचे, या भागांत द्राक्ष पूर्वीं कधीं झालें होतें कां, एवढें सांगा." पोस्टांतली ती रक्कम याच माळांत जाणार आहे, हें त्याच्या आईनें आम्हांस आदल्या रात्रींच हळूच सांगितलें होतें.

मालबेक ही जात मूळची फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील काहोरच्या परिसरांतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती अर्जेंटिनांत गेली आणि तेथें मूळ गांवापेक्षां अधिक नांवाजली. आमच्या इकडचे बहुतेक बागाइतदार शिराझ, काबर्ने किंवा शेनां ब्लां लावतात. मालबेक लावणारा विरळा. इगतपुरीजवळ, कावनईच्या शिवारांत, 'व्हालोने' नांवाची एक लहान बाग व मद्यशाळा आहे. तेथें ही जात रुजली आहे, तशीच अकलूजकडे 'फ्रातेल्ली'च्या बागांतून इटलीची सांजोव्हेसे रुजली. आमच्या विद्यार्थ्यानें कावनईची बाग पाहिली होती. त्याचें म्हणणें असें कीं, कावनई आणि डोळखांब यांच्या मध्यें फक्त सह्याद्रीची भिंत आहे. आमच्या मतें सारा प्रश्न त्या 'फक्त'मध्येंच आहे.

द्राक्षा हा शब्द संस्कृत असल्यामुळें तें फळ येथलेंच असावें असें आपण गृहीत धरतों. जुने ग्रंथ तसें म्हणत नाहींत. पाणिनीनें कापिशी नगरावरून 'कापिशायन' हा शब्द साधून दिला आहे; आणि कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हणून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं देशावरून पडलेलीं नांवें सांगितलीं आहेत. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचें आजचें बेग्राम. तांदुळाचीं, पिठाचीं, गुळाचीं मद्यें घरचीं. द्राक्षाचें तेवढें परमुलखाचें, असा हा हिशेब दिसतो.

दक्षिणेंत तें आलें समुद्रावरून. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपोथींत भडोचास उतरणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तिच्यांत पहिलें नांव मद्याचें. इटलीच्या मद्यास अधिक मागणी, शिवाय लाओदिकियाचें व अरबस्तानचें, असा तपशीलहि लेखकानें दिला आहे. त्याच पोथींत आमचें कल्याण येतें. पूर्वीं तें राजमान्य बंदर होतें, पुढें मात्र तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात, अशी तक्रार आहे. या कल्याणहून जुन्नर-पैठणकडे जाणारी वाट मुरबाडावरून नाणेघाटानें चढे. घाटाच्या तोंडाशीं नागनिकेचा लेख कोरला आहे, आणि जवळच तो दगडी रांजण आहे ज्यांत जकातीचीं नाणीं पडत असें लोक सांगतात. घाटावर नेवासें येथें डॉ. सांकळिया यांच्या उत्खननांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले तेव्हां मोठाच आनंद झाला होता. पुढें रोबेर्टा टॉम्बर या विदुषीनें हिंदुस्थानांत सांपडलेले असे तुकडे फिरून तपासले, आणि त्यांतील पुष्कळसे मेसोपोटेमियाकडील कुंभांचे ठरविले. तेव्हां सातवाहनांचे सरदार नित्य रोमचें मद्य पीत होते हें चित्र थोडें फिकें करावें लागतें. आमच्या प्रश्नापुरतें एवढेंच कीं, मुरबाडच्या वाटेनें द्राक्षमद्य गेलें असेल तर तें बैलाच्या पाठीवरून वर गेलें. खालच्या मातींत त्याची वेल नव्हती.

वेल दख्खनेंत रुजली ती घाटमाथ्याच्या पूर्वेस. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हालविली आणि त्याच्याबरोबर द्राक्षाची लागवड आली, अशी परंपरा आहे. परंपरेचें आम्ही एरवीं फारसें मनावर घेत नाहीं. परंतु थोड्याच वर्षांनीं तें शहर पाहणाऱ्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानें एक गोष्ट नोंदविली आहे ती सोन्याच्या मोलाची आहे : येथें द्राक्षें व डाळिंबें होतात आणि तीं वर्षांतून दोनदां फळतात, असें तो सांगतो.

प्रवाशांच्या थापा पुष्कळ असतात. ही थाप नव्हे. थंड देशांत वेल हिंवाळ्यांत पानें टाकून झोंपी जाते व वर्षांतून एकदांच फळते. आमच्याकडे तिला झोंप नाहीं. छाटली कीं फुटते. उन्हाळ्याच्या तोंडीं छाटावी तर फळ पावसाळ्यांत येतें, आंबट आणि पाणचट. पावसाळा सरल्यावर छाटावी तर तें फाल्गुन-चैत्रांत गोड पिकतें. आजचे नाशिककर एप्रिलांत जी छाटणी करतात तिला 'खरड छाटणी' म्हणतात. तिच्यापासून ते फळ घेत नाहींत, फळ धरणारी काडी तेवढी तयार करून घेतात. ऑक्टोबरांतली 'गोडी छाटणी' ही फळाची. इब्न बतूतानें पाहिलेल्या बागवानानें दोन्ही बहार घेतले, आजचा एकच घेतो. वेलीचा स्वभाव तोच आहे. आम्हांस हें प्रथम उमगलें तें एका बागाइतदाराच्या ओट्यावर बसून, ग्रंथालयांत नव्हे, हें कबूल केलें पाहिजे.

डोळखांबच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर याच वेळापत्रकांत आहे. गोडी छाटणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने कोरडे जावे लागतात. कोंवळ्या फुटीवर किंवा फुलोऱ्यावर पाऊस आला, पानें रात्रभर ओलीं राहिलीं, कीं 'केवडा' पडतो : पानावर तेलकट डाग, खालीं पांढरी बुरशी, आणि मग घड कुजून गळतो. निफाड-दिंडोरीकडे वर्षाचा पाऊस सहाशें-सातशें मिलिमीटरांच्या आसपास. शहापूर-मुरबाडांत अडीच हजारांच्या घरांत. तो गेल्यावरहि खाचरांची ओल आणि पहाटेचें दंव राहतेंच. माथ्यावरून पूर्वेस जावें तसा पाऊस कोसागणिक उतरत जातो, आणि तिकडच्या बागा त्या उतारावर जगतात. पश्चिमेस उतरतो तो डोंगर, पाऊस नव्हे.

त्या पूर्वेकडच्या बागांतून ज्या जाती पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्यांचीं नांवें आज कितीजणांस ठाऊक असतील ? हबशी, अबी, फकडी, साहेबी, भोकरी. वेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवीत. भोकरी ही नाशिकची भरवशाची जात. बियाळ, हिरवट, गोडीला बेताची, पण घडांनीं वाकणारी. पांढरी साहेबी चवीला सरस आणि धरण्यास कंजूष. पुण्यास गणेशखिंडीच्या बागेंत डॉ. चीमा यांनीं तिच्या बियांच्या रोपांतून एक निवडून काढली, तीच 'चीमा साहेबी'. ओझर येथें १९२५ सालीं रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं बाग धरली तेव्हांपासून नाशिकचें द्राक्ष व्यापाराचें झालें. मग हैदराबादेहून अनाबेशाही आली, कॅलिफोर्नियांत नांवारूपास आलेली बिनबियांची थॉमसन आली, आणि १९६० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या जाती बाजारांतून उठल्या. थॉमसनच्या बागेंत एखादी फांदी निराळी दिसली तर ती हेरून नवी जात करण्याचें काम मात्र शेतकऱ्यांनीं केलें. तासगांवकडे वसंतराव आर्वे यांची 'तास-ए-गणेश', सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांची 'सोनाका'. विद्यापीठांत ज्यांचीं तैलचित्रें लागावींत अशीं हीं माणसें आहेत. विरळ जात म्हणजे फ्रान्सची, असें आम्ही सुशिक्षित लोक धरून चालतों. पण मालबेक एकट्या अर्जेंटिनांत चाळीस हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर उभी आहे, आणि हबशी शोधावी लागते.

घाटाखालीं मद्यच नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. तें मोहाचें होतें. ठाकर, वारली, कातकरी, महादेव कोळी यांना मोहाचें फूल हें अन्नहि होतें आणि मद्यहि. १८७८ च्या अबकारी कायद्यानें गाळण्याचा धंदा मक्तेदारांच्या हातीं गेला; आणि १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांपुरता वेगळा कायदा करून मोहाचीं फुलें गोळा करण्यावर व बाळगण्यावरच निर्बंध घातले. अंगणांत पडलेलें फूल उचलणें हा गुन्हा ! पुढें १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, तो सर्वांनाच सारखा. आणि २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षमद्यास उत्तेजन देणारें धोरण काढून दहा वर्षें अबकारी कर माफ केला. मोहाचें नांव त्यांत नव्हतें. आमच्या वर्गाची गंमत अशी कीं, ज्या घरांत मद्याचा उच्चारहि होत नाहीं तेथें फडताळांत द्राक्षासवाची बाटली असते, आणि जेवणानंतर दोन चमचे घेतांना कोणाचें व्रत मोडत नाहीं.

हा नवा उद्योग १९८० नंतरचा. नारायणगांवास शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्यानें फेसाळ मद्य काढलें आणि 'ओमर खय्याम' या नांवानें तें परदेशीं धाडलें. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या वेलींचें मद्य २००० सालीं बाजारांत आलें. २००१ च्या धोरणानंतर तर पुष्कळांनीं ऊस मोडून, खाण्याचीं द्राक्षें मोडून, मद्याचीं द्राक्षें लावलीं. या द्राक्षांचा दाणा बारीक, साल जाड, पोटांत बिया. बाजारांत तीं कोणी किलोनें विकत घेत नाहीं. गिऱ्हाईक एकच, मद्यशाळा. २००८ च्या मंदीनंतर मद्यशाळांच्या टांक्या भरलेल्याच राहिल्या, आणि पुढच्या हंगामांत पिकलेला घड कोणी उचलीना. तीन-चार वर्षें वाढविलेल्या वेली लोकांनीं मुळासकट उपटल्या. ज्या लहान बागा टिकल्या त्या बहुधा अशा कीं, ज्यांची स्वतःची मद्यशाळा होती आणि बागेंत येऊन बाटली घेणारें गिऱ्हाईक होतें.

हें सारें आम्ही त्या माळावर बसून, जरा आखडतें घेऊन, सांगितलें. जुना पुरावा नाहीं एवढ्यानें नवा प्रयोग चुकीचा ठरत नाहीं, हेंहि सांगितलें. कारण तो विद्यार्थी आम्हांसच उलट विचारणार होता कीं, दौलताबादेसहि तुघलकापूर्वीं पुरावा कोठें होता? त्यानें तें विचारलेंच. आम्ही म्हटलें, "तुघलकाचा खजिना निराळा, तुझें पोस्टाचें पुस्तक निराळें." तो हंसला नाहीं. बराच वेळ कोयत्याच्या टोंकानें माती उकरीत राहिला आणि मग म्हणाला, "वर्षभर एकच वेल लावून पाहतों."

माघांत त्यानें नाशिककडून एक कलम आणलें, मालबेकचें नव्हे, खाण्याच्या द्राक्षाचें, कारण एकटें एक कलम तेंच मिळालें. विहिरीकांठच्या पांगाऱ्यावर तें जुन्या रीतीनें चढविलें आहे. श्रावणांत त्याचें पत्र आलें : वेल हातभर पांगाऱ्याच्या वर गेली आहे, पण पानांवर तेलकट डाग दिसूं लागले आहेत, गोडी छाटणी दसऱ्यास करावी कीं दिवाळीपर्यंत थांबावें? आईनें खालीं दोन ओळी लिहविल्या आहेत कीं, माळावर या वर्षीं नाचणी पेरली. आम्ही उत्तर धाडलें आहे कीं, भात कापून होईपर्यंत वेलीला हात लावूं नये.