शारीरिक सुदृढता आणि प्रणयी आकर्षण

शरीराची कार्यक्षमता, माणसाचा स्वतःवरील विश्वास आणि प्रेमसंबंधाच्या किंवा विवाहाच्या दृष्टीने इतरांना त्याच्याविषयी वाटणारी ओढ या तिन्हींमधील परस्परसंबंध. समाजमानसशास्त्र, क्रीडामानसशास्त्र आणि उत्क्रांतिवादी मानसशास्त्र या शाखांत त्याचा अभ्यास होतो. सुदृढतेत दमसास, स्नायूंची ताकद व चिवटपणा, लवचिकता आणि शरीरातील चरबीचे प्रमाण यांचा समावेश होतो. त्यामुळे सडपातळ माणूस सुदृढ असेलच असे नाही. सुदृढतेचा परिणाम दोन मार्गांनी होतो : डोळ्यांना दिसणाऱ्या बांध्यातून आणि आपले शरीर आपल्याला साथ देते या अनुभवातून. 

संशोधनाची सुरुवात : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात एलेन वॉल्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ७५२ नव्या विद्यार्थ्यांसाठी नृत्यसंध्या आयोजित केली. संगणकाने अनुरूप जोड्या लावल्याचे विद्यार्थ्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात जोड्या यदृच्छेने लावल्या होत्या. जोडीदार कितपत आवडला आणि त्याला पुन्हा भेटावेसे वाटते का, हे बुद्धिमत्तेच्या किंवा व्यक्तिमत्त्वाच्या गुणांवरून सांगता आले नाही; ते ठरले दिसण्यावरून. देखण्या माणसाच्या अंगी इतर सद्गुणही असतील असे लोक गृहीत धरतात, हे कॅरेन डायन, एलेन बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी १९७२ मध्ये दाखवले. चेहऱ्याची ठेवण किंवा उंची बदलता येत नाही. दम, ताकद, उभे राहण्याची ढब मात्र सरावाने बदलते. म्हणूनच आकर्षणाच्या अभ्यासात सुदृढतेला वेगळे स्थान आहे.

आत्मविश्वास : अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मक्षमतेची, म्हणजे ‘हे मला जमेल’ या विश्वासाची उपपत्ती मांडली. अवघड काम स्वतः करून पाहणे आणि ते जमणे हा या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्यायाम हा आधार नेमका पुरवतो. पहिल्या आठवड्यात न झेपलेले अंतर दोन महिन्यांनी सहज धावता आले, तर तो पुरावा माणसाच्या स्वतःच्या हाती असतो. कोणाच्या कौतुकावर तो अवलंबून नसतो. केनेथ फॉक्स आणि चार्ल्स कॉर्बिन यांनी १९८९ मध्ये शरीराविषयीच्या स्वमूल्याची चार अंगे मोजण्याची प्रश्नावली तयार केली : क्रीडाकौशल्य, ताकद, तंदुरुस्ती आणि बांध्याची आकर्षकता. यांतील तीन अंगे शरीर काय करू शकते याविषयी आहेत आणि एकच अंग ते कसे दिसते याविषयी.

या परिणामाला मर्यादाही आहे. अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतल्यावर व्यायामाने एकूण स्वाभिमान वाढतो असे दिसले, पण ही वाढ लहान होती. व्यायामामुळे आधी शरीराविषयीचा विश्वास वाढतो. अनोळखी माणसाशी बोलण्याचा संकोच मात्र त्याने आपोआप जात नाही; त्यासाठी बोलण्याचाच सराव लागतो.

पुरुषाचा बांधा : ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाचे एरन सेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चेहरे झाकलेल्या पुरुषांची छायाचित्रे स्त्रियांना दाखवली. शरीराच्या आकर्षकतेतील सुमारे ७० टक्के फरक तो पुरुष किती ताकदवान दिसतो यावरून स्पष्ट होत होता. मात्र जितके स्नायू जास्त तितकी पसंती जास्त, असे सर्वत्र दिसत नाही. कॅलिफोर्नियातील डेव्हिड फ्रेडरिक आणि मार्टी हॅसल्टन यांच्या २००७ च्या अभ्यासात मध्यम पिळदार शरीराला सर्वाधिक पसंती मिळाली. अतिपिळदार पुरुष वर्चस्व गाजवणारे आणि नात्याला कमी बांधील असतील, असे स्त्रियांना वाटले.

पुरुषांचा स्वतःचा अंदाज मात्र चुकतो. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिका येथील तरुणांना आदर्श शरीराचे चित्र निवडायला सांगितले. त्यांनी निवडलेल्या शरीरात त्यांच्या स्वतःच्या शरीरापेक्षा सरासरी सुमारे १३ किलो स्नायू अधिक होते आणि स्त्रियांना याहूनही पिळदार पुरुष आवडतात असा त्यांचा समज होता. स्त्रियांनी प्रत्यक्षात साधारण पुरुषी बांधा पसंत केला.

स्त्रीचा बांधा : भारतात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंह यांनी टेक्सास विद्यापीठात काम करताना १९९३ मध्ये कमर आणि नितंब यांच्या घेरांचे ०.७ हे गुणोत्तर आकर्षक मानले जाते, असे मांडले. पुढे मार्टिन टोव्ही आणि इतरांनी खरी छायाचित्रे वापरल्यावर एकूण वजनाचा प्रभाव या गुणोत्तरापेक्षा मोठा दिसला. ही पसंती परिस्थितीनुसार बदलते. टोव्ही यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील झुलू लोकांना ब्रिटिशांपेक्षा भरलेला बांधा अधिक आवडला. ब्रिटनमध्ये स्थलांतरित झालेल्या झुलूंची पसंती या दोहोंच्या मध्ये होती. जिथे कृशता हे आजाराचे किंवा अभावाचे लक्षण असते, तिथे भरलेले शरीर निरोगी ठरते.

हालचाल : माणूस भेटतो तो चालता-बोलता. ब्रिटनमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात निक नीव्ह आणि सहकाऱ्यांनी नाचणाऱ्या पुरुषांच्या हालचाली चेहरा नसलेल्या संगणकीय आकृत्यांवर उतरवून स्त्रियांना दाखवल्या. मान आणि धड यांच्या मोठ्या व विविध हालचाली करणारे नर्तक चांगले ठरले. पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हालचालीचाही परिणाम होतो. ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांच्या १९८१ च्या प्रयोगात जागच्या जागी धावून छातीचे ठोके वाढलेल्या तरुणांना आकर्षक स्त्री अधिक आकर्षक वाटली आणि अनाकर्षक स्त्री आणखी अनाकर्षक. श्रमाने आलेली उत्तेजना मुळात असलेल्या भावनेला धार आणते. नसलेली ओढ ती निर्माण करत नाही.

धोके : दिसण्याच्या हव्यासातून आपले स्नायू पुरेसे नाहीत हा विचार अनावर झाला, तर त्याला स्नायुविकृतिभ्रम म्हणता येईल. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात तो शरीरविकृतिभ्रमाचा एक प्रकार मानला आहे. झटपट बॉडी कमावण्यासाठी घेतलेल्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडमुळे शरीरातील नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनची निर्मिती दबते, वृषण आकसतात, शुक्राणू घटतात आणि पुरुषाच्या छातीची वाढ होऊ शकते. ज्या कारणासाठी शरीर घडवायचे त्याच्याच मुळावर हा उपाय येतो. स्त्रियांमध्ये अतिव्यायाम आणि अपुरा आहार एकत्र आल्यास पाळी थांबू शकते, हाडे ठिसूळ होऊ शकतात.

महाराष्ट्रातील संदर्भ : कोल्हापूरच्या तालमींत घडणाऱ्या शरीराचा आदर्श ब्रह्मचर्याशी जोडलेला होता, कमावलेली ताकद फडासाठी आणि वस्तादाच्या नावासाठी असे. आधुनिक जिमने तिला दिसण्याशी आणि जोडीदाराच्या शोधाशी जोडले. विवाहाच्या जाहिरातींत मुलीच्या सडपातळपणाची अट आजही आढळते. कांदेपोह्यांच्या औपचारिक भेटीत किंवा डेटिंग अ‍ॅपवरील छायाचित्रात बांधा लगेच नजरेत भरतो. दम, चपळता आणि सहज वावर कळायला एकत्र वेळ घालवावा लागतो.

निष्कर्षांच्या मर्यादा : यांतील बरेच प्रयोग पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवर आणि स्थिर चित्रांवर झाले आहेत. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २००८ मध्ये प्रत्यक्ष भेटींचा अभ्यास केला, तेव्हा जोडीदारात हवे म्हणून सांगितलेले गुण आणि भेटीत प्रत्यक्ष आवडलेली माणसे यांचा मेळ बसला नाही. सुदृढता हा नाते जुळण्यातील एक घटक आहे; स्वभाव, विनोदबुद्धी आणि दुसऱ्याची कदर यांची जागा ती घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. दम, ताकद आणि त्यांतून येणारा विश्वास मिळवायला एवढा व्यायाम पुरेसा असून तो अपंग, वयस्क किंवा स्थूल व्यक्तीलाही आपल्या क्षमतेनुसार करता येतो. जोडीदार मिळो वा न मिळो, त्याचा लाभ माणसाकडेच राहतो.