भेंडाची साहेबी टोपी

टोप्यांचा संग्रह करणाऱ्याला कोणती टोपी कोणाशेजारी ठेवायची हे नेहमी ठरवावं लागतं. माझ्याकडे सोला हॅट बाशिंगाशेजारी आहे. बघायला येणारे तिथे हटकून थबकतात. इंग्रजी अमदानीतल्या कलेक्टरची, इंजिनिअरची, शिकाऱ्याची ती खाकी टोपी लष्करी शिरस्त्राणांच्या रांगेत असायला हवी, असं त्यांना वाटतं. पण कूळ बघायचं तर ही टोपी नवरदेवाच्या घरातली आहे, आणि ते नातं मला तिच्या साहेबीपणापेक्षा मोलाचं वाटतं.

दोन्हींचा जीव एकाच वनस्पतीत आहे. आपण तिला भेंड म्हणतो, बंगालीत ती शोला. पाणथळ जागेत, तळ्याकाठी, भाताच्या साचलेल्या खाचरांत ती उगवते. पिवळी फुलं येतात. साल काढली की आत पांढराशुभ्र, मऊ, वजन जाणवू नये इतका हलका गर असतो. कारागीर लांब धारदार सुरीखाली कांड फिरवत नेतो आणि कागदासारखा अखंड पापुद्रा सुटत जातो. महाराष्ट्रात या भेंडाची बाशिंगं आणि फुलं झाली. बंगालमध्ये नवरदेवाचा उंच निमुळता टोपोर आणि दुर्गेचा सगळा पांढरा साज याच गराचा. तिथले मालाकार कारागीर सांगतात, की शंकराला लग्नासाठी पांढरा मुकुट हवा होता. विश्वकर्म्याच्या हाताला कठीण वस्तूंची सवय. हे मऊ काम त्याला जमेना. मग शंकराने एक तरुण निर्माण केला, तो पहिला मालाकार. वर्धमानकडचं बनकापासी हे गाव आजही या कामासाठी ओळखलं जातं.

टोपीचा घाट मात्र वेगळ्या वाटेने आला. फिलिपिन्समधले शेतकरी आणि कोळी ऊन-पावसात सालाकोट नावाची घुमटासारखी टोपी घालत. स्पॅनिश फौजेने ती उचलली, पुढे इंडोचायनातल्या फ्रेंच सैन्यानेही तिचा नमुना घेतला. हिंदुस्थानात इंग्रजांनी १८४०च्या दशकात, शीख युद्धांच्या सुमाराला, अशा टोप्या वापरायला सुरुवात केली आणि १८५७ नंतर त्या सर्रास झाल्या. त्याआधी सैनिकांच्या टोपीवर पांढरं कापड चढवून ते मानेवर सोडत. सेनापती हॅवलॉकच्या नावाने ते ओळखलं जाई. ते मान झाकायचं, पण डोक्याला वारा लागू देत नसे.

भेंडाच्या टोपीने ती अडचण सोडवली, आणि कारागिरी म्हणून मला ती फार आवडते. लाकडी साच्यावर भेंडाचे थरावर थर खळीने चिकटवायचे, वाळले की वरून कापड ताणून बसवायचं. कपाळपट्टी टोपीच्या भिंतीपासून थोडी सुटी ठेवायची, म्हणजे मधल्या फटीतून हवा वर चढते आणि माथ्यावरच्या छिद्रातून बाहेर पडते. कापड भिजवलं तर पाणी उडताना टोपी गारही होते. भोवती कापडाचे वेढे असत. ते सरळ आपल्या पागोट्यावरून घेतलेले. लष्करासाठी भेंडाऐवजी बुचाच्या सालीची, जड पण दणकट टोपी होऊ लागली, कारण भेंड मुसळधार पावसात फुगून लोळागोळा होतो.

एवढ्या चांगल्या वस्तूला भीतीचं साधन करून टाकलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. सूर्यकिरणांतला एक अदृश्य भाग गोऱ्या माणसाची कवटी भेदून मेंदूवर घाला घालतो, असं तेव्हा डॉक्टरही मानत. अमेरिकन लष्करी शल्यवैद्य चार्ल्स वुडरफ यांनी १९०५ साली या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. टोपीला आतून लाल कापड लावत, पाठीच्या कण्यावर जाड पट्टी बांधत. ढगाळ दिवशीसुद्धा गोऱ्या मुलांना उघड्या डोक्याने अंगणात जाऊ देत नसत. शिपाई टोपीविना दिसला तर शिक्षा होई. हिंदुस्थानकडे येणारे लोक पोर्ट सैदला उतरून सायमन आर्त्सच्या दुकानात टोपी घेत. नोकरी संपवून परतताना सुएझ मागे पडलं, की तीच टोपी समुद्रात भिरकावून देण्याची प्रथा होती.

त्याच उन्हात गावचा शेतकरी मुंडासं बांधून, कधी उघड्या डोक्यानेही, दिवसभर राबत होता. ते साहेबाला दिसत होतं, पण त्यातून त्याने निष्कर्ष असा काढला, की एतद्देशीयांची कवटीच वेगळी. जॉर्ज ऑर्वेलने १९४४ साली ट्रिब्यूनमधल्या आपल्या सदरात या समजुतीचं मर्म नेमकं पकडलं होतं: आपण आणि हे लोक वेगळे, हे सतत ठसवत राहणं साम्राज्याला भाग होतं, आणि टोपी त्या कामी आली. उन्हाने माणूस मरतो तो शरीराची उष्णता बाहेर टाकता आली नाही, घाम सुकला नाही म्हणून. किरण कवटीत शिरल्यामुळे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात लढणाऱ्या फौजेने मऊ काठाची साधी हॅट घातली आणि काहीही बिघडलं नाही. तिथून या टोपीचं लष्करी आयुष्य ओसरत गेलं.

ती संपली मात्र नाही. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांच्याच टोपीच्या घाटावरून हिरवी टोपी तयार झाली आणि फ्रेंच गेल्यावर अमेरिकेशी लढणाऱ्या सैनिकांनी ती घातली. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी यानेही युद्धकाळात हीच टोपी घातली होती. रॉयल मरीन्सच्या बँडच्या डोक्यावर पांढरी टोपी अजून दिसते. यातलं काहीच आज भेंडाचं नसतं, म्हणून माझ्या संग्रहात मी फक्त भेंडाची टोपी ठेवली आहे.

भेंडाची स्थिती मात्र नाजूक आहे. पाणथळ जागा बुजत चालल्या, आणि आपल्याकडे बाशिंगातही मखरातही थर्माकोलने त्याची जागा घेतली. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यावर पुठ्ठा आणि कागद पुढे आले. भेंडाचं नाव फारसं कोणी घेतलं नाही. ते घेतलं गेलं पाहिजे. दर वर्षी नवं येणारं, मातीत मिसळून जाणारं आणि सुरीखेरीज फारसं हत्यार न मागणारं हे द्रव्य आहे. बाशिंगं करणाऱ्यांना आपल्याच तळ्याकाठचा भेंड पुन्हा मिळू लागला, तर पुरे; त्यांच्या हातची कला अजून शिल्लक आहे.